पाच जनावरं, एक पाखरू

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. उत्तरेश्वर पेठेत कुणालाही विचारा. बसाप्पा चांदीवाला म्हटलं की लोक आधी माझ्या तोंडाबद्दल बोलतील आणि मग हाताबद्दल. हाताबद्दल मात्र कुणी वावगं बोलणार नाही. पन्नास वर्षं मी इष्टलिंगाच्या डब्या घडवतोय. आमच्या लिंगायत घरांत माणूस गळ्यात इष्टलिंग बाळगतो, ते ज्या चांदीच्या डबीत असतं ती डबी. झाकण बसताना आवाज आला पाहिजे, पण उघडताना नख लागता कामा नये. निपाणी, संकेश्वरपासून लोक त्यासाठी माझ्याकडं येतात, माझ्या शिव्या खातात आणि तरी पुढच्या पोराच्या वेळी परत येतात.

त्या हातानं मी माझ्या नातीचं काय केलं, ते सांगायचं आहे.

माझा मुलगा शिवशरण. एकुलता एक. त्यानं माझा धंदा घेतला नाही. लहानपणी भट्टीजवळ बसला की खोकायचा, मोठेपणी इंजिनिअर होऊन शिरोलीच्या एका फाउंड्रीत लागला. चांदीच्या धुराला कंटाळून लोखंडाच्या धुरात गेलास व्हय, असं मी त्याला येता-जाता टोचायचो. तो हसायचा. त्याला राग येतच नसे, तो सगळा माझ्या वाट्याला आला होता.

लग्नानंतर चार-पाच वर्षांनी त्याला एक नाद लागला. परदेशातल्या टाकसाळी शुद्ध चांदीची नाणी पाडतात, एकेक औंसाची, म्हणजे आपल्या एकतीस ग्रॅमची. एका बाजूला त्या देशाचं काहीतरी, दुसऱ्या बाजूला जनावर. बाजारात चालवायला नव्हेत ती, जमवणाऱ्यांसाठी. फाउंड्रीतला त्याचा दोस्त प्रसेनजीत आधीपासून जमवत होता, त्यानं ह्याला ओढलं. पहिलं नाणं आलं ऑस्ट्रेलियाचं. त्यावर एक मोठ्या चोचीचं पाखरू, आपल्या खंड्याच्या कुळातलं. एका गोल पारदर्शक डबीत बसवलेलं.

तो कामावर गेल्यावर मी ते डबीतून काढलं. चांदी घरात आली आणि बसाप्पानं ती तपासली नाही असं झालं नव्हतं. कडेला कानस मारली, घासून बघितलं. चांदी सोळा आणे खरी होती. संध्याकाळी मोठ्या कौतुकानं त्याला सांगितलं, बाबा, तुला फसवलेलं नाही. त्यानं नाणं उजेडात धरून ती कड पाहिली आणि खुर्चीत बसला. आवाज न चढवता म्हणाला, "अप्पा, ह्याला हात लावत न्हाईत."

मला हसूच फुटलं. चांदीला हात लावायचा नाही तर काय उदबत्ती ओवाळायची? मग त्यानं समजावलं. हे एकदाच ठशाखाली दाबलेलं असतं. त्यावर बोट टेकलं तर बोटाचा घाम चांदीला लागतो, काही महिन्यांनी तिथं काळपट खूण उठते आणि ती पुसायला गेलं तर वरची झिलई जाते. म्हणून कापडी हातमोजे घालायचे आणि नाणं फक्त कडेनं धरायचं. हे तो कुणाला सांगत होता? ज्याच्या घरात तीन पिढ्या चांदी वितळते, ठोकली जाते, तेजाबात पडते, त्याला. मी त्याला त्या दिवसापासून चांदीचा डॉक्टर म्हणायला लागलो. रविवारी सकाळी तो हातमोजे घालून नाणी काढून बसला की मी दारातून विचारायचो, ऑपरेशन कितीला आहे?

पण त्यानं माझ्यापुढं कधी कपाटाला कुलूप लावलं नाही. हातमोजे मात्र कपाटात वरच, दिसतील असे ठेवले. ते माझ्यासाठी होते हे मला कळत होतं.

नऊ-दहा वर्षांत सहा नाणी झाली. पगारातून, सणाच्या बोनसातून, वर्षाला एखादं, कधी तेही नाही. पाखरू, हत्ती, लांडगा, अस्वल, पांडा आणि बिबट्या. माझी नात भूमिका चालायला लागली तशी त्याच्या शेजारी बसायला लागली. रत्नव्वानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिला जुन्या बनियनच्या कापडाचे एवढेएवढे हातमोजे शिवून दिले. दर रविवारी बाप-लेक नाणी काढायचे, प्रत्येक जनावराची चौकशी करायचे आणि परत ठेवायचे. अस्वल काय जेवलं, लांडग्याची सर्दी बरी झाली का, असलं काहीतरी चालायचं. मी पलीकडच्या खोलीत ठोकठोक करत ऐकायचो आणि पोरीला नादी लावलास म्हणून शिवशरणवर ओरडायचो. खरं तर मला ते ऐकायला आवडायचं. हे मी त्याला एकदाही सांगितलं नाही.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. माणूस गेलं की घरचे लोक त्याची चांदी घेऊन माझ्याकडं येतात. आईचे तोडे आणतात, त्यातून नातीचे पैंजण करून मागतात. आज्ज्याचा करदोटा आणतात, त्यातून पणतवंडाचा वाळा. मी ती चांदी त्यांच्यासमोर मुशीत टाकतो. वितळताना लोक डोळे पुसतात, एखादी बाई पदर तोंडात धरते. मी त्यांना एकच सांगतो, चांदी मरत न्हाय. हे माझे वडील सांगायचे, मीही सांगत आलो. आकार जातो, माणूस त्यातच राहतो आणि पुढच्याच्या अंगावर चढतो. लोक हलके होऊन घरी जातात. मला वाटायचं, डबी काय कुणीही घडवेल, मी लोकांना हे देतो.

सतरा जानेवारीला शिवशरण गेला. फाउंड्रीत जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि बाकावरच कलंडला. एक्केचाळीस वर्षांचा होता. प्रसेनजीत त्याला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला, पण वाटेतच सगळं संपलं होतं.

त्या दिवसांबद्दल मी जास्त लिहीत नाही. सून रक्षिता महिनाभरानं शाळेत शिकवायला जायला लागली, कारण घरात बसली असती तर वेडी झाली असती. रत्नव्वानं बोलणं कमी केलं. मी कामाला बसलो आणि जो येईल त्याच्यावर खेकसायला लागलो. आणि भूमिका, जी दिवसभर बडबडायची, ती गप्प झाली. शाळेला जायची, यायची, पुढ्यात ठेवलेलं खायची. रडायचीही नाही. नऊ वर्षांचं पोर रडत नाही हे काही बरं नव्हे, हे मलाही कळत होतं.

बसव जयंतीला तिची लिंगदीक्षा करायची हे शिवशरणनं दिवाळीतच ठरवलं होतं. स्वामींना सांगून झालं होतं. तिची डबी मी घडवणार हे तर ठरवायलाही नको होतं. मार्च महिन्यात मी तिच्या डबीसाठी चांदी काढायला बसलो आणि माझ्या डोक्यात ते आलं. शिवशरणची चांदी घरातच आहे. त्याच्या चांदीची डबी केली तर पोरीच्या छातीवर तिचा बाप राहील. झोपताना, उठताना, पूजेला, परीक्षेला, लग्नाला. मरेपर्यंत. मला इतकं बरं वाटलं की मी हातातली हातोडी खाली ठेवून रडलो. दोन महिन्यांत पहिल्यांदाच पोरासाठी काही करता येईल असं दिसलं होतं.

रक्षिताला विचारलं का, तर नाही. भूमिकाला? नाही. लपवलं असंही नाही. मला विचारायचं सुचलंच नाही. माझ्याकडं येणाऱ्या शेकडो माणसांनी जे आपणहून मागितलं ते मी माझ्या नातीला न मागता देत होतो, त्यात विचारायचं काय? रत्नव्वाला फक्त सांगितलं. ती म्हणाली, त्याचीच लेक हाय, तिच्याच अंगावर राहील, करा.

एका बुधवारी, सून आणि नात दोघी शाळेला गेल्यावर, मी रत्नव्वाकडनं किल्ली घेऊन कपाटातून नाणी आणली. हातमोजे वरच होते. ते मी बाजूला सरकवले. गोल डब्या घट्ट होत्या, अडकित्त्यानं फोडाव्या लागल्या. सहा नाणी पाटावर मांडली. कबूल करतो, ती पहिल्यांदाच मी नीट पाहिली. लांडग्याच्या मानेवरचा केस न् केस वेगळा होता. बिबट्याचे ठिपके बोटाला लागत होते. ज्यानं कुणी तो ठसा कोरला तो माझ्यापेक्षा बरा कारागीर होता, हे मी मनात म्हटलं, आणि असं मी कुणाबद्दल सहसा म्हणत नाही. पाखराच्या कडेला माझ्या कानशीचा ओरखडा तसाच होता.

हत्ती तेवढा खराब झालेला होता. त्याच्या पाठीवर आणि वरच्या मोकळ्या जागेत तपकिरी काळपट डाग पसरला होता. मी चक्क हसलो. म्हटलं, डॉक्टर, एवढे हातमोजे घालून शेवटी तुमचा पेशंट काळा पडलाच की. सवयीनं ब्रश घेतला, रिठ्याच्या पाण्यानं घासलं. डाग निम्मा निघाला. म्हटलं, आता काय घासायचं, वितळायचंच तर आहे. आणि सगळ्यांत घाण तोच होता म्हणून मुशीत पहिला तोच टाकला.

चांदी एकदम वितळत नाही. आधी लाल होते, मग कडा खचतात, मग पाण्यासारखी एकजीव होऊन फिरायला लागते. हत्तीचे पाय आधी गेले. त्यामागं लांडगा, अस्वल, पांडा, बिबट्या. पाखरू शेवटी. शुद्ध चांदी मऊ असते म्हणून थोडं तांबं घातलं, मळ निघावा म्हणून सवागी टाकली आणि साच्यात ओतली. मी नेहमीचं वाक्य मोठ्यानं म्हटलं. ऐकायला कुणी नव्हतं, तरी म्हटलं.

डबीला बारा दिवस लागले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत चांगली डबी आहे, हे आजही सांगतो. सांध्याला झाळ कुठं दिली आहे ते मला स्वतःला शोधावं लागतं. उरलेल्या चांदीची साखळी ओवली, पोरीच्या मानेला टोचू नये म्हणून एकेक कडी घासून गुळगुळीत केली. झाकण कोरं ठेवलं, आरशासारखं.

बसव जयंतीच्या आधीच्या रविवारी सकाळी सगळ्यांना बसवलं. भूमिकाच्या हातात डबी ठेवली. तिनं झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. आवडली हे दिसत होतं. मग तिनं साखळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं की एवढी चांदी कुठली. मी त्याचीच वाट बघत होतो. छाती काढून सांगितलं, पप्पांचीच हाय, त्यांच्या नाण्यांची.

ती उठली आणि आज्जीच्या कमरेची किल्ली घेऊन कपाटाकडं गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली ती दारातच उभी राहिली. विचारलं, "हत्ती बी?"

मी म्हटलं, सगळी. एक बी वाया घालवलं न्हाय.

ती रक्षिताकडं बघत राहिली. रक्षितानं डोळे मिटून घेतले आणि तसंच मिटलेल्या डोळ्यांनी मला सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं.

भूमिका जन्मली त्या दिवशी दुपारी शिवशरण दवाखान्यातून घरी थर्मास न्यायला आला होता. तेवढ्यात कुरियरवाला हत्ती घेऊन आला. त्यानं पाकीट फोडलं, नाणं हातावर घेतलं आणि फोन वाजला, मुलगी झाली म्हणून. हातमोजे घालायचे राहिले. नाणं तसंच मुठीत आवळून तो दवाखान्यापर्यंत पळत गेला. लेकीला हातात घ्यायची वेळ आली तेव्हा मूठ उघडली आणि मग त्याच्या लक्षात आलं. काही महिन्यांनी हत्तीच्या पाठीवर त्याचा अंगठा उठला. आख्खा, रेघ न् रेघ. प्रसेनजीत म्हणाला, नाणं बाद झालं. शिवशरण म्हणाला, माझं सगळ्यांत भारी नाणं हेच. दर रविवारी बाकीची जनावरं झाल्यावर शेवटी हत्ती निघायचा, आणि भूमिका त्या गोल डबीवरून त्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवायची. दरवर्षी तिचा अंगठा कितीसा मोठा झालाय ते दोघं बघायचे. तो गेल्यापासून ती रोज शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आधी कपाट उघडून अंगठा लावायची. रक्षिताला माहीत होतं. आम्हा म्हाताऱ्यांना नव्हतं. परीक्षा चालू झाल्यावर रक्षितानं कपाटाची किल्ली काढून ठेवली होती, पोरगी अभ्यासाला बसेना म्हणून. ती किल्ली तिनं रत्नव्वाजवळच दिली होती आणि माझ्याकडं ती तिच्याकडूनच आली होती.

रत्नव्वा उठून आत गेली. आणि मी काय केलं असेल? मी ओरडलो. ह्या घरात मला कोण काय सांगतंय का, मी काय परका हाय का, सगळं मलाच नंतर कळतंय, असं पेठ ऐकेल एवढ्या आवाजात. भूमिका दारात तशीच उभी. मग माझं ओरडणं आपोआप थांबलं, कारण मला तो ब्रश आठवला. नुसता वितळवला नव्हता मी तो अंगठा. आधी घासला होता.

त्यानंतरचे दिवस मी काय काय केलं त्याला अर्थ नाही. मूस फोडून तिच्या तळाला चिकटलेली चांदी बघितली. रिठ्याचं पाणी तर कधीच गटारात गेलं होतं. प्रसेनजीतला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला, त्याच्याकडं त्याच वर्षाचा तोच हत्ती होता, तो त्यानं भूमिकापुढं ठेवला. तिनं हातमोजे घालून कडेनं धरून नीट बघितला, दोन्ही बाजूंनी. मग त्याला परत दिला. म्हणाली, "काका, ह्यो स्वच्छ हाय."

बसव जयंतीला दीक्षा झाली. भूमिकानं हट्ट केला नाही, रुसली नाही. डबी बांधू का विचारलं तर बांधा की म्हणाली, पण ते अशा आवाजात म्हणाली की रक्षितानंच स्वामींना सांगितलं, आज लिंग कापडात बांधून द्या, डबीचं मागनं बघू. स्वामींनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. पन्नास वर्षं डब्या घडवणाऱ्याची नात कापडात लिंग बांधून घरी आली. डबी मी माझ्या खणात टाकून दिली आणि वरून जुन्या कानशी ठेवल्या.

जून उजाडला, शाळा सुरू झाली. माझ्याकडं एक बाई सासूचे वाळे घेऊन आली, वितळून बाळाला करदोटा हवा होता. मी मूस तापवली आणि माझं ते वाक्य तोंडातून निघेना. वाळे परत दिले. म्हटलं, असेच राहू देत. ती मला चक्रम समजून दुसऱ्याकडं गेली असेल. मग पुढं येणाऱ्यांनाही मी तेच सांगायला लागलो.

एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, भूमिका आपणहून माझ्या कामाच्या खोलीत आली. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच. माझ्यासमोर पाटावर बसली. तिनं विचारलं, डबीच्या झाकणावर पप्पांचा अंगठा कोरता येईल का?

का येणार नाही? बसाप्पाला काय येत नाही? मी उठून खण उपसला, डबी काढली, पुसली, सगळ्यांत बारीक कोरणी घेतली, डोळ्याला भिंग लावलं. वाटलं, पोरीनं मला वाट दाखवली. तिला कागद-पेन्सिल दिली, म्हटलं, तू दहादा बघितलायस, काढून दाव, मी तसाच कोरतो. तिनं एक लांबट गोल काढला. त्याच्या आत दुसरा. मग तिची पेन्सिल थांबली. रेषा डावीकडनं वळत होत्या का उजवीकडनं, मधे गोल होता का कमान, हे तिला सांगता येईना. तिनं खोडलं, परत काढलं, परत खोडलं. कागद फाटायला आला.

"मला आठवना झालंय," ती म्हणाली. "अंगठा बघितला की पप्पांचा सगळा हात आठवायचा. आता हातच आठवत न्हाय." मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "तुमाला आठवतोय का, आज्जा? तुमचं तर पोरगं हुतं."

मी हो म्हणायला तोंड उघडलं. आणि शोधायला लागलो. चेहरा आठवत होता, चाल आठवत होती, जेवताना ताक मागायची त्याची पद्धत आठवत होती. हात मिळेना. मी त्याचा हात शेवटचा धरला तो रुद्रभूमीत. आमच्यात माणसाला बसवून माती देतात, आणि डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात. त्याच्या गळ्यातली डबी मीच उघडली, लिंग मीच त्याच्या तळव्यावर ठेवलं, बोटं मीच मिटवली. एवढा वेळ त्याचा हात माझ्या हातात होता. आणि मी काय बघत होतो? डबी बघत होतो. ती मीच घडवली होती, तो आठ वर्षांचा असताना. तिच्या कडीची झाळ सुटत आलेली मला दिसली आणि मनात आलं, ही आधीच दाखवली असती तर दुरुस्त करून दिली असती. माझ्या मुलाच्या हाताकडं मी बघितलंच नाही. जन्मभर सगळ्यांच्या गळ्यातली चांदी बघत आलो, तशी त्याचीही बघितली.

मी भूमिकाला खरं ते सांगितलं. म्हटलं, न्हाय बाळ, मला बी आठवत न्हाय.

मला वाटलं ती आता उठून जाईल. ती उठली नाही. खाली मान घालून साखळीच्या कड्या एकेक करून पुढं सरकवत राहिली. मग डबी उचलून तिनं माझ्यापुढं धरली, झाकण वर करून.

"मग तुमचा उमटवा," ती म्हणाली. "तुमचा तरी राहू दे माझ्याजवळ."

नऊ वर्षांचं पोर मला असं म्हणालं. ते काय म्हणत होतं ते मला कळलं. एक हात तिच्या आठवणीतून गेला होता, आता दुसरा जायच्या आधी ती धरून ठेवत होती.

मी हात धोतराला पुसणार होतो, तिनं पुसू दिलं नाही. घामच लागतो, म्हणाली, पप्पांनी सांगितलंय. तिनं माझा उजवा अंगठा आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्या आरशासारख्या झाकणावर नेमका मधोमध दाबला. आपल्या सगळ्या ताकदीनं दाबला, मनातल्या मनात आकडे मोजत. मग अलगद उचलला. माझं भिंग घेऊन तिनं डोळ्याला लावलं आणि डबी खिडकीच्या उजेडात नेली. बराच वेळ बघितली. वाकडी केली, सरळ केली, परत बघितली.

"आज्जा, ह्यात रेषाच न्हाईत की."

मी भिंग घेऊन बघितलं. झाकणावर एक लांबट डाग होता, नुसता, वाफेसारखा. आत काही नव्हतं. पन्नास वर्षं तेजाबात बुडवलेला, कानशीनं घासलेला, झिलई देताना चांदीवर फिरवलेला अंगठा. लोकांची चांदी चकचकीत करता करता माझ्या बोटांची कातडी गुळगुळीत होऊन गेली होती आणि मी कधी बघितलंही नव्हतं. दुसरा अंगठा लावला. सगळी बोटं लावली एकेक करून. तसंच.

"होत्या बाळ," मी म्हटलं. "आधी होत्या."

आणि शिवशरण गेल्यापासून त्या पोरीसमोर मी पहिल्यांदा रडलो. तीही रडली, पाच महिन्यांनी, मोठ्यानं, हुंदके देत, आणि रक्षिता नि रत्नव्वा दारात येऊन उभ्या राहिल्या तरी तिनं माझा अंगठा सोडला नाही.